जुनी जीप, नवा हप्ता आणि व्यापाऱ्याचा हिशोब

हंगाम चांगला गेला की आमच्या मालेगावच्या कापड बाजारात एक चर्चा हमखास रंगते. कोणी कोणती नवी गाडी उचलली, हप्ता किती बसला, कोणाची जुनी गाडी किती किमतीला गेली. यंदा ही चर्चा माझ्या घरात शिरली. मुलाचे म्हणणे असे की अठ्ठावीस वर्षांची जीप विकून टाकावी आणि हप्त्यावर नवी फोर बाय फोर घ्यावी. त्याला जे उत्तर दिले ते इथे मांडतो, कारण हा प्रश्न पुष्कळ व्यापारी बांधवांच्या घरात आहे आणि त्याचा निकाल बहुधा हिशोबाने न होता हौसेने होतो.

आमची गाडी महिंद्राची एम. एम. ५४०, नोव्हेंबर १९९७ ची. मरहूम वालिदसाहेबांनी ती रोखीने घेतली. त्या काळी कळवण, सुरगाणा भागातल्या आठवडे बाजारांना लुगडी आणि लुंग्या पोचवायच्या म्हणजे पावसाळ्यात मोठी परीक्षा असे. एस. टी. अर्ध्यात अडकायची, टेम्पोवाला चिखल पाहून भाडे दुप्पट सांगायचा. जीप मात्र पोचायची, आणि बाजारात जो पोचतो तोच विकतो.

या गाडीचा इतिहासही आपल्या वाचकांनी माहीत करून घेण्यासारखा आहे. १९४५ मध्ये ही कंपनी निघाली तेव्हा तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद होते. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा या बंधूंचे भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद. धंदा पोलादाचा. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. विलीज जीपची जुळणी मुंबईत १९४७ पासून सुरू झाली होती. पुढे याच जीपमध्ये प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेले २,११२ सी.सी.चे डिझेल इंजिन आले, आणि ते आपल्याच नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीच्या कारखान्यात तयार होई. आमच्या गाडीत तेच आहे.

डायरीतले आकडे

आता हिशोब. गाडीवर झालेला प्रत्येक खर्च मी डायरीत लिहितो. गेल्या दहा वर्षांची सरासरी काढली तर डिझेल आणि विमा सोडून वर्षाला बेचाळीस हजार रुपये पडतात, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार. यात २०१७ साली इंजिन पूर्ण खोलून लायनर, पिस्टन, बेअरिंग बदलले तो खर्चही आला.

दुसऱ्या बाजूला, दहा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण १६,३४० रुपये बसतो आणि सात वर्षांत पावणेचार लाखांच्या आसपास नुसते व्याज जाते. व्याजाचा जो दीनी प्रश्न आहे तो प्रत्येकाने आपल्या आलिमांना विचारावा, मी फक्त दुकानदाराच्या नजरेने बोलतो. आमचा धंदा उधारीचा. ग्राहकाची वसुली तीन महिने पुढे गेली तरी आपण त्याला काही म्हणत नाही, पण हप्त्याची तारीख एक दिवसही पुढे जात नाही. मंदीच्या वर्षात कापड गोदामात पडून आणि हप्ता दारात उभा, ही अवस्था आमच्या बाजाराने पुष्कळदा पाहिली आहे.

जुन्या गाडीच्या बाजूनेच बोलणेही योग्य नाही. आमची जीप लिटरला दहा-अकरा किलोमीटर देते. उन्हाळ्यात आत बसणे म्हणजे भट्टीच. वर्षातून दोन-तीन दिवस ती गॅरेजमध्ये अडकते आणि एखादा बाजार बुडतो. मुंबई-सुरतेच्या प्रवासाला ती कामाची नाही, तिथे आम्ही रेल्वेने किंवा बसने जातो. हे सगळे धरूनही माझ्या वापराला जुनी गाडी स्वस्त पडते. ज्याला रोज दीडशे-दोनशे किलोमीटर डांबरी रस्त्याने धावायचे आहे त्याचा हिशोब वेगळा निघेल, त्याने माझे ऐकू नये.

मजबूत गाडीलाही माया लागते

या गाड्यांबद्दल एक गैरसमज आहे की जीप म्हणजे लोखंड, तिला काही होत नाही. या समजुतीनेच निम्म्या जीपा भंगारात गेल्या. या गाडीला ठिकठिकाणी ग्रीसची तोंडे आहेत, पाट्यांच्या शॅकलला, शाफ्टच्या क्रॉसला, स्टिअरिंगच्या जोडांना. दर हजार-दीड हजार किलोमीटरला ग्रीस मारले तर क्रॉस वर्षानुवर्षे टिकतो, नाही मारले तर शाफ्ट खडखडू लागतो. नदी-नाल्यात चाके बुडाली तर पुढच्या आठवड्यात दोन्ही हाऊसिंगचे तेल पाहून घ्यावे. तेल दुधासारखे पांढरट दिसले की पाणी शिरले समजावे आणि ते लगेच बदलावे.

फोर बाय फोरचा दांडा कोरड्या डांबरी रस्त्यावर कधी टाकू नये. या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये फरक सांभाळणारी रचना नाही, त्यामुळे वळणावर सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. तो चिखल, वाळू, खडी यांच्यासाठी आहे. पण वर्षभर तसाच ठेवला तर तो अडकतो, म्हणून महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर टाकून दोन किलोमीटर चालवावे. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असावेत.

आणखी एक सांगतो. गाडी तापते अशी तक्रार घेऊन गेलात की काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. काटा खाली येतो, मालक खूश होतो. पण इंजिन कायम थंड चालते, डिझेल जास्त खाते आणि आतून झिजते. तापण्याचे खरे कारण बहुतेक वेळा रेडिएटरमधला गाळ किंवा ढिला पट्टा असतो. डिझेल फिल्टरमधले पाणी दर आठवड्याला सोडावे. एअर क्लीनरकडे आपण मालेगावकरांनी तर जास्तच लक्ष द्यावे, कारण इथल्या हवेत धुळीबरोबर सुताचा भुसाही उडतो.

जे मला महागात पडले

आता माझी चूक सांगतो. २०११ चा रमजान ऑगस्टात आला होता, ऐन पावसात. ईदचा हंगाम. मागच्या चाकाचा ब्रेक सिलिंडर गळतो आहे हे मिस्त्रीने मला सांगितले होते. काम एका दिवसाचे, खर्च हजाराच्या आतला. मी म्हणालो, ईद होऊ द्या. तीन आठवडे तेल वरून टाकत गाडी पळवली. सुरगाण्याच्या बाजूला घाट उतरताना, आधीच नाल्याच्या पाण्याने ब्रेकचे ड्रम भिजलेले, त्यात पेडल एकदम खाली गेले. ड्रायव्हरने गिअर पाडत पाडत गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली म्हणून माणसे वाचली. पण मागे गठ्ठ्यांजवळ बसलेल्या आमच्या सेल्समनचा हात मोडला. आज चौदा वर्षे झाली, पावसाळा आला की त्याचा हात दुखतो आणि तो मला सांगत नाही.

विम्याचा दावा नाकारला गेला. पॉलिसी खाजगी गाडीची होती आणि अशा पॉलिसीत नमुने आणि वैयक्तिक सामान यापलीकडे माल वाहून नेणे बसत नाही. ते कागदावर छापलेले होते, मीच वाचले नव्हते. दवाखान्याचा खर्च मी केला, तो करणे माझे फर्जच होते. त्या दिवसापासून विक्रीचा माल मालवाहू परवान्याच्या पिकअपने जातो, जीपमध्ये फक्त नमुने, ऑर्डरची वही आणि वसुली. आपल्यापैकी कितीजण आजही खाजगी गाडीत गठ्ठे भरतात हे मी रोज पाहतो. त्यांनी आजच पॉलिसी काढून वाचावी.

कागद आणि कारागीर

जुन्या गाडीचे कागदही आता स्वस्त राहिलेले नाहीत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते. २०१७ साली मी त्याची फी ६०० रुपये भरली होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ च्या नव्या नियमाने वीस वर्षांवरील मोटारीला १०,००० झाली. शिवाय पर्यावरण कर, पी.यू.सी. आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट. गाडी विकायची असेल तर नावबदल होईपर्यंत जबाबदारी मूळ मालकाचीच राहते, साध्या कागदावरच्या सहीने ती सुटत नाही.

कागदापेक्षा मला चिंता कारागिराची आहे. आमचे उस्ताद मिस्त्री सत्तरीला आले. पंप आणि गिअरचा आवाज ऐकून दोष सांगणारा हा माणूस, त्यांच्या हाताखालची पोरे मोबाईलच्या दुकानात निघून गेली. जी राहिली त्यांच्या हातात हुनर आहे, पण प्रमाणपत्र नाही, म्हणून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्यांना कोणी उभे करत नाही. आय.टी.आय.मध्ये डिझेल मेकॅनिक आणि मोटार मेकॅनिकचे अभ्यासक्रम आहेत. गॅरेजमध्ये रमणाऱ्या दहावी झालेल्या पोरांची फी बाजारातल्या चार व्यापाऱ्यांनी मिळून भरली, तर ती सदकाही होईल आणि आपल्या गाड्यांची सोयही.

मुलाला मी शेवटी असे सांगितले. ज्या दिवशी चेसिसला गंज पोखरेल किंवा चीर जाईल, ज्या दिवशी ब्रेकचा अस्सल सुटा भाग मिळणार नाही, किंवा आपला मिस्त्री हात टेकेल, त्या दिवशी जीप विकू, एक दिवसही थांबणार नाही. तोपर्यंत नव्या गाडीच्या हप्त्यातले निम्मे पैसे, महिन्याला आठ हजार, वेगळे ठेवू. त्यातून दुरुस्ती होईल, उरतील ते साठतील आणि उद्याची गाडी निम्मी तरी रोखीने येईल.

डायरी आजवर मी उर्दूत लिहीत आलो, उस्तादही उर्दूच वाचतात. मुलगा मराठी शाळेतला, त्याला त्यातले अक्षर लागत नाही. म्हणून या महिन्यापासून मराठीत नवी वही घातली आहे. पहिल्या पानावर पहिली नोंद त्याच्याच हाताने केली: चारही चाकांचे ब्रेक सिलिंडर तपासले.