दाखला गावासमोर द्या

जिल्हा परिषदेची शाळा कुठे सातवीला संपते, कुठे आठवीला. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांचा निरोप समारंभ करावा का, असं विचारलं की समजूतदार माणसंही हात झटकतात. ‘हा काय शेवट आहे? खरा टप्पा दहावीचा.’ आक्षेपांत हाच सर्वांत वजनदार, म्हणून आधी तोच घेतो.

दहावीचा निरोप दहावीपर्यंत पोहोचलेल्यांनाच मिळतो. आठवीनंतर जी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिली, जो आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला, त्यांची गावातली शाळा हीच शेवटची शाळा. त्यांना निरोप कोण देणार? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मोफत आणि सक्तीचं शिक्षण दिलं ते 6 ते 14 वयापर्यंत, आठवीपर्यंत. नेमकी तिथे सक्ती संपते आणि घरच्यांची मर्जी सुरू होते. वाट तुटण्याची भीती जिथे इतकी मोठी, तिथे आपण काय करतो? बाप एका दुपारी येतो, सही किंवा अंगठा करतो, दाखल्याची घडी खिशात घालून निघून जातो. मूल शाळेतून गेलं, हे गावाला कळतही नाही.

दुसरा आक्षेप असा: ‘सगळेच पास होतात, मग कौतुक कसलं?’ 2023-24 पासून महाराष्ट्रात पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे, तेव्हा हे विधान आता पुरतं खरंही नाही. पण माझा मुद्दा परीक्षेचा नाहीच. प्राथमिक शिक्षण पुरं करणाऱ्या प्रत्येक मुलाला प्रमाणपत्र द्यावं, असं त्याच कायद्याचं कलम 30 सांगतं. एके काळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास झालेला माणूस शिक्षक होई, तलाठी होई. ती नोकरीची किंमत गेली, मान्य. पण महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे किमान 12 वर्षं वयापर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली, ती देशभरासाठीच्या कायद्यात उतरायला 127 वर्षं लागली. ज्या घरात आजही आई अंगठा उठवते, त्या घरातल्या लेकराने आठ वर्षं शाळेत काढली, हे टाळ्या वाजवण्याइतकं मोठं नाही असं मला कोणी सांगू नये.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. काळे गाऊन, चौकोनी टोप्या, त्यांचं भाडं, फोटोचे पैसे, हे सारं मजुरी करणाऱ्या पालकाच्या माथी मारणं अन्याय आहे. बालवाडीपर्यंत पोहोचलेलं हे खूळ शाळांनी बंदच करावं.

पण साध्या निरोपाला एक पैसा लागत नाही. बहुतेक शाळांत 1 मेला झेंडावंदन होतं, निकाल लागतो, त्याच दिवशी ग्रामसभाही असते. गाव आधीच जमलेलं असतं. जवळच्या हायस्कूलच्या शिक्षकांना त्या दिवशी बोलवा. एकेका मुलाचं नाव पुकारा, पुढच्या शाळेचं नावही पुकारा आणि प्रमाणपत्र आईच्या हातात द्या. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. त्याचे अर्ज तिथेच बसून भरून घ्या. आणि यादी करताना एखाद्या नावापुढे पुढच्या शाळेचा रकाना कोरा राहत असेल, तर मुख्याध्यापकांनी सरपंचांना सोबत घेऊन 1 मेच्या आधीच त्या घरी जावं.