फरशीचे डाग आणि अॅसिडची बाटली

अमरावती-अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारे आणि जड. नळावर, फरशीवर पांढरे थर बसतात. ते काढायला घरात अॅसिड येते. बंद मोरीत त्याची वाफ छातीत जाते. त्यात ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू होतो, म्हणजे जिवाशीच खेळ.

सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली दुकानदाराला नोंदवही व ग्राहकाचे ओळखपत्र सक्तीचे केले. 18 वर्षांखालील व्यक्तीला विक्री बंद. नोंद टाळून बिनलेबल बाटली देणे हा व्यापार नव्हे.

थरासाठी कोमट पाण्यातले लिंबूसत पुरते. फक्त संगमरवरावर वापरू नये. रेशमी कापडाला आम्ही रिठाच सांगतो. किराणा व्यापारी बंधूंनी हाच माल पुढे मांडावा. गिऱ्हाइकाची मुलेबाळे सुखरूप, तर दुकानही सुखरूप.