नळीची मुदत

खालापूरच्या तहसील कचेरीतून सातबाराचा उतारा मिळतो तो मराठीत, फेरफाराची नोटीस येते ती मराठीत, आणि पतपेढीच्या कर्जरोख्यावरील मुदत कोणत्या तारखेस संपते हे निरक्षर माणसालाही कोणीतरी दोनदा वाचून दाखवितो. परंतु तोच माणूस मुतखड्याचे ऑपरेशन करवून पनवेलहून किंवा मुंबईहून खोपोलीस परततो, तेव्हा त्याच्या पिशवीतले डिस्चार्ज कार्ड आद्यंत इंग्रजीत असते. आणि आपल्या देहात एक नळी ठेवलेली असून ती अमुक दिवसांच्या आत काढवून घ्यावयाची आहे, ही त्या कागदातील सर्वांत महत्त्वाची बाब तळाशी दोन-चार आद्याक्षरांत दडलेली असते. रुग्णाच्या देहाचा हा दस्तऐवज रुग्णाच्या भाषेत असावा आणि त्यावरील मुदत ठळक अक्षरांत असावी, एवढीच माझी मागणी आहे.

या नळीस डॉक्टर डीजे स्टेंट म्हणतात. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणाऱ्या वाहिनीत, दुर्बिणीने खडा फोडल्यानंतर सूज येऊन लघवीचा मार्ग अडू नये म्हणून, दोन्ही टोकांस आकड्यासारखी वळलेली ही मऊ नळी काही दिवस ठेवतात. तिच्यामुळे वारंवार लघवीस होते, लघवी करताना कुशीत कळ येते, फार चालल्यास लघवी लालसर दिसते. आणि हे सारे अपेक्षित आहे असे कोणी आधी सांगितलेले नसल्यामुळे रुग्ण पहिल्याच रात्री घाबरून जातो. पण खरा धोका या त्रासात नाही. पुष्कळांच्या बाबतीत तो हळूहळू अंगवळणी पडतो, मनुष्य कामावर रुजू होतो, नळीचा विसर पडतो, आणि मग मुदतीबाहेर आत राहिलेल्या त्या नळीवरच क्षारांची पुटे चढू लागतात. साधारणतः तीन महिन्यांच्या आत जी नळी स्थानिक भूल देऊन काही मिनिटांत निघाली असती, ती वर्षा-दोन वर्षांनी काढावयाची तर एकाहून अधिक शस्त्रक्रिया लागू शकतात, आणि क्वचित मूत्रपिंडही गमवावे लागते.

खोपोलीत मुतखड्याचा प्रश्न परका नाही. 1915 सालापासून घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी टाटांच्या वीजगृहात उतरून पुढे पाताळगंगेस मिळते. आणि या जलसमृद्ध गावात, पोलादाच्या भट्ट्यांसमोर आठ-आठ तास घाम गाळणारा कामगार मात्र पाळी संपेपर्यंत पुरेसे पाणी पीत नाही. दिवसाकाठी दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, हा मुतखडा झालेल्यास दिला जाणारा पहिला सल्ला. परंतु भट्टीवरच्या माणसाने त्यासाठी किती प्यावे, हे हिशेब करून त्यास कोणी सांगत नाही.

उतारवयातील पुरुषांची कथा निराळी. प्रोस्टेट वाढल्यामुळे ज्यास तासाला उठावे लागते, त्यास सोनोग्राफीसाठी लघवी तुंबवून या असे सांगितले जाते. आणि मुंबईपर्यंत अडीच तासांच्या आसपास चालणाऱ्या आमच्या लोकलगाडीत शौचालय नसते, हे सांगणाऱ्याच्या गावीही नसते! पाणी दवाखान्यात पोहोचल्यावर प्यावे, एवढे एक वाक्य छापून दिले तरी केवढे हाल वाचतील. प्रोस्टेटसाठी तपासलेला रक्तातील पीएसए वाढला की कर्करोगच झाला असे समजून घरात रडारड होते; वस्तुतः जंतुसंसर्गाने किंवा नुकत्याच घातलेल्या कॅथेटरनेही तो वाढतो. दुर्बिणीतून प्रोस्टेटचे ऑपरेशन झाल्यावर लघवी स्वच्छ होते आणि दहा-बारा दिवसांनी, आतली खपली सुटताना, पुन्हा लाल होऊ शकते. पाणी वाढवून ती बहुधा निवळते, परंतु रक्ताच्या गाठी पडून लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता निघावयाचे असते. चार-सहा आठवडे जड ओझे उचलू नये, शौचास कुंथू नये. आणि या ऑपरेशननंतर वीर्य बहुधा बाहेर न येता मूत्राशयात उतरते, ही गोष्ट संकोचापोटी डॉक्टर सांगत नाहीत व रुग्ण विचारीत नाही.

सुश्रुताने अश्मरीच्या, म्हणजे मुतखड्याच्या, प्रकरणात शस्त्र धरण्यापूर्वी राजाची अनुज्ञा घ्यावी असे सांगितले, कारण शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास परिणाम संशयित. ती अनुज्ञा आता रुग्णाने द्यावयाची असते. आणि पुरेशी माहिती दिल्यावाचून घेतलेली संमती ही संमतीच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे. राजभाषेचा 1964 चा कायदा खासगी रुग्णालयास लागू नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु समजलेली माहिती आणि न समजलेल्या कागदावरचा अंगठा यांतील फरक कळण्यास कायद्याचीच गरज पडावी काय? डॉक्टरांस वेळ नसतो, ही तक्रार खरी आहे, आणि म्हणूनच एकदा छापलेले अर्धे पान हवे. मराठीत परिभाषा नाही, ही सबब मात्र मला मान्य नाही. स्टेंटला स्टेंटच म्हणा. क्रियापद आणि तारीख तेवढी मराठीत लिहा. शिवाय, 2012 साली आमच्या रायगडसह पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या सरकारी आरोग्य योजनेखाली कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरील रुग्ण दूरच्या रुग्णालयांत जातात. तेथून त्यांस मागाहून कोणी हाक मारील, अशी अपेक्षा बाळगणे भाबडेपणाचे आहे.

माझ्या कार्डावरील ती आद्याक्षरे मलाही उलगडली नव्हती. गावातल्या औषधविक्रेत्याने गोळ्या देता देता सहज विचारले, ‘‘काका, नळी कधी काढायचीय?’’ ‘‘कसली नळी?’’ असे मी विचारले, तेव्हा त्याने कार्डावरच्या ओळीखाली बोट ठेवले. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी भिंतीवरच्या कालनिर्णयात, गॅसच्या सिलिंडरच्या नोंदीशेजारी, त्या तारखेभोवती लाल वर्तुळ काढले.