स्टार्ट बटण कुठे गेलं?

आमच्या शाळेतल्या एका बाईंबद्दल आधी सांगतो. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. संगणक शिकल्या पन्नाशीनंतर. त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात निळ्या पेनानं एकेक पायरी लिहिलेली : "खाली डाव्या कोपऱ्यात स्टार्टवर क्लिक. मग प्रोग्राम्स. मग..." या वहीच्या जोरावर त्यांनी निकालपत्रकं केली, पोषण आहाराचे हिशेब भरले, तेही आम्हा तरुण म्हणवणाऱ्यांच्या आधी.

मागच्या वर्षी संगणक कक्षात नवीन संच आले. बाईंनी वही उघडली, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात पाहिलं, तर तिथे हवामान! पाचवीचा वर्ग मागे उभा. एक पोरगं म्हणालं, "बाई, ते मधे आहे." सगळा वर्ग हसला. त्यानंतर बाई संगणक कक्षात फिरकल्याच नाहीत. चूक माझी होती. तासाआधी दहा मिनिटं मी त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. पण खरं सांगू का, त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. चालू असलेली गोष्ट हलवायची गरजच काय असते?

स्टार्ट बटण 1995 साली विंडोज 95 बरोबर आलं. पुढे एक्सपी आलं, सेव्हन आलं. रंग बदलले, बटण गोल झालं, पण जागा तीच राहिली. तब्बल 17 वर्षं. मग 2012 मध्ये विंडोज 8 ने ते बटणच काढून टाकलं आणि पडदाभर रंगीत चौकोन मांडले. बोटानं वापरायच्या टॅबलेटसाठी ते ठीक असेलही, पण माऊस धरून बसलेल्यांनी काय करायचं? ओरड झाली. 2013 मध्ये बटण परत आलं, दाबलं की पुन्हा तेच चौकोन! 2015 मध्ये विंडोज 10 ने जुनी यादी परत आणली. जरा हायसं वाटतंय तोवर 2021 मध्ये विंडोज 11 आलं आणि बटण थेट मधोमध जाऊन बसलं. त्यातही गंमत बघा. मधोमध मांडणी असल्यामुळे जितके प्रोग्राम उघडाल तितकं ते डावीकडे सरकतं. म्हणजे सकाळची जागा दुपारी असेलच असं नाही!

राईट क्लिकचंही तेच. आधी तिथे कट, कॉपी, पेस्ट असे शब्द होते. विंडोज 11 मध्ये सुरुवातीला त्या जागी नुसती चित्रं आली. शब्द नंतर पुन्हा लावले गेले. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी शब्द निदान वाचता येतो, अडला तर विचारता येतो, वहीत उतरवून घेता येतो. दोन कागद एकमेकांवर ठेवल्याचं चित्र तो कुणाला आणि कसं विचारणार?

"सर, बदल हा हवाच," असं काही जण म्हणतील. हवाच की. विंडोजची कळ दाबून हव्या त्या प्रोग्रामचं नाव टाईप करायची सोय मला मनापासून आवडते. माझं भांडण वेगळं आहे. विंडोज 10 ची मोफत सुरक्षा दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली, म्हणजे जुन्यावर निवांत राहायचीही सोय नाही. सुरक्षा हवी तर नवं रूपही घ्या. दाराची कडी दुरुस्त करायला आलेल्या सुतारानं जाता जाता स्वयंपाकघर माडीवर हलवावं, तसं हे झालं. आणि त्याची किंमत कोण मोजतं? ज्याच्या घरी संगणक आहे तो दोन दिवसांत सरावतो. आमच्याकडे एका संचावर तिघं आणि आठवड्याला एकच तासिका. बटण शोधण्यात एक तास गेला, की पुढचा तास थेट पुढच्या आठवड्यात.

याच संगणकावरचा मराठी इनस्क्रिप्ट कळफलक बघा. ऐंशीच्या दशकात ठरलेला. 'के'च्या कळीवर तेव्हाही 'क' होता, आजही आहे. विंडोज कितीदा बदललं, पण टायपिंग शिकलेल्यांची बोटं चुकली नाहीत, कारण ते मानक आहे, कुणाला वाटलं म्हणून हलवता येत नाही. पडद्यावरच्या चार मुख्य गोष्टींना एवढं तरी स्थैर्य का मिळू नये?

ते मिळेल तेव्हा मिळेल. तोवर मी माझं शिकवणं बदललंय. 'खाली डावीकडे' हे शब्द फळ्यावरून पुसले. पहिल्या तासाला आता कळा शिकवतो : कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, फाइल्स उघडायला विंडोज-ई, नवीन फोल्डरला कंट्रोल-शिफ्ट-एन. या कळा जागच्या हललेल्या नाहीत. आणि कक्षातल्या सगळ्या संचांवर बटण परत डावीकडे नेलं. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेवियर्स, तिथे अलाइनमेंटला लेफ्ट. एका संचाला मिनिटही लागत नाही. पालकांनो, घरी आजी-आजोबा संगणक वापरत असतील तर एवढं करून द्या. करताना माऊस मात्र त्यांच्याच हातात राहू द्या, ओढून घेऊ नका.

मागच्या शनिवारी शाळा सुटल्यावर बाई आल्या. मुलं नकोत, ही त्यांची अट. डाव्या कोपऱ्यात बटण दिसल्यावर त्यांनी वही उघडली, पहिली ओळ मोठ्यानं वाचली आणि क्लिक केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, प्रोग्राम्स कुठाय?" ते आता 'ऑल अ‍ॅप्स'च्या मागे गेलंय. बाईंनी जुनी ओळ खोडली, शेजारी नवीन लिहिली. तासाभरात चार पानं झाली. पुढच्या शनिवारी पाचवं.