डोंगरावरची हजेरी

मंडळी, गेल्या वर्षी याच पानावर मी ओक ट्री रोडवरच्या पार्किंगबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेले फोन बघता यंदाही तोच विषय घ्यावा असा मोह झाला. पण यंदा माझ्याकडे एक किल्ली आली आहे, तिच्याबद्दल लिहायचं आहे.

किल्ली आहे पत्र्याच्या एका खोलीची, आणि खोली आहे वॉचुंगच्या डोंगरावर. आता हा डोंगर म्हणजे इथल्या लोकांच्या समाधानासाठी डोंगर. आपल्या आयसेलिनहून वायव्येला दिसणारी ही रांग पाचशे फुटांच्या आसपास. अख्ख्या न्यू जर्सीचं सर्वांत उंच टोक हाय पॉइंट, तेही १८०३ फूट. म्हणजे समुद्रसपाटीपासून आमचं पुणं साधारण जेवढं वर आहे तेवढंच. इथलं शिखर ते आमचं अंगण! पण खाली सगळा प्रदेश सपाट असल्यामुळे स्वच्छ दिवशी या कड्यावरून मॅनहॅटन दिसतं. १७७७ च्या जूनमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन याच रांगेवरच्या एका खडकावरून इंग्रज फौजेच्या हालचाली न्याहाळत होता. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा ज्या कारणासाठी आहे, त्याच कारणासाठी आमच्या हॅम रेडिओ क्लबचा रिपीटर या डोंगरावर आहे.

रिपीटर म्हणजे काय, हे मला स्वतःला समजायला दोन महिने लागले, त्यामुळे तुम्हालाही सांगतेच. हातातल्या पाच वॉटच्या सेटवरून बोललं तर घरं, झाडं ओलांडत आवाज तीन-चार मैल जातो, पुढे दमतो. डोंगरावरचं यंत्र तो आवाज ऐकतं आणि त्याच क्षणी जास्त जोराने पुन्हा बोलतं. मग तोच आवाज पंचवीस-तीस मैलांवर पोचतो. ऐकायची आणि बोलायची कंपनसंख्या वेगळी, पण दोन्हींत अंतर अवघं ६०० किलोहर्ट्झ, आणि अँटेना एकच. म्हणजे एक बाई वर्गात घसा फोडून शिकवते आहे आणि त्याच वेळी शेवटच्या बाकावरची कुजबुज तिला ऐकू यायला हवी! शाळेत हे मी बारा तुकड्यांसमोर केलं आहे, म्हणून मला ते पटलं. यंत्राला ते जमावं म्हणून त्या खोलीत धान्याच्या उंच डब्यांसारखी सहा नळकांडी उभी आहेत. रिपीटरचा स्वतःचा आरडाओरडा त्याच्याच कानात जाऊ नये, हे त्यांचं काम. त्यांचे दांडे केसभर हलले तरी बिनसतं. साफसफाई करायला फडकं घेऊन पुढे झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी ओरडा खाल्ला.

या फंदात मी पडले ती आयडा वादळामुळे. १ सप्टेंबर २०२१ ची ती रात्र तुमच्यापैकी कोणी विसरलं असेल असं वाटत नाही. नवरा ऑफिसमधून निघालेला, रस्ते पाण्याखाली, त्याच्या फोनची बॅटरी संपलेली, आणि मी चार वर्षांच्या मुलाला घेऊन खिडकीत. शेजारच्या घरात एक निवृत्त टेलिफोन इंजिनिअर राहतात. माझा मुलगा त्यांना आजोबाच म्हणतो. ते टॉर्च घेऊन आले, हातात एक करकरणारा सेट. त्यावर माणसं आळीपाळीने, अजिबात घाई न करता, कुठला रस्ता बंद आहे आणि कुठल्या पुलाखाली गाड्या अडकल्या आहेत ते सांगत होती. माझ्या नवऱ्याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. तो पहाटे तीनला चालत घरी आला. पण तोपर्यंत मला त्या आवाजांनी धरून ठेवलं होतं.

पुढच्या वर्षी परीक्षा दिली. ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की पास. मी मराठीची एम.ए.; ओहमचा नियम मी पाढ्यासारखा घोकला. या लायसन्ससाठी नागरिकत्व लागत नाही, वर्क परमिट लागत नाही. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच, याच पानावर मी त्याबद्दल पुरेसं रडले आहे. इथे तर नियमच असा, की हॅमने आपल्या बोलण्याचा मोबदला घ्यायचा नाही. अपवाद मोजके, आणि त्यात एक शिक्षकांचा: वर्गात शिकवताना रेडिओ वापरला तर शिक्षकाने पगार घेतला तरी चालतो. ते कलम वाचून मी किती वेळ हसत होते!

सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "पगार किती देतात गं?" म्हटलं, "काहीच नाही, आई. उलट वर्गणी भरावी लागते." त्या म्हणाल्या, "घरात पडलीत की अशी कामं."

दर बुधवारी रात्री आठ वाजता आमची हजेरी असते. एकाने नावं पुकारायची, म्हणजे कॉल साइन, आणि बाकीच्यांनी ओ द्यायची. पहिल्यांदा ते काम माझ्याकडे आलं तेव्हा एकवीस जण होते. पुण्याची शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदा मी हजेरी घेत होते. घसा कोरडा पडला, पण एकदा सुरू झाल्यावर तो जुना सूर आपोआप लागला. आता सोळा उरलेत. एक फ्लोरिडाला गेले, दोघांना ऐकू कमी येतं, दोघे वारले. गेलेल्या हॅमला इथे 'सायलेंट की' म्हणतात. की म्हणजे मोर्सची कळ. वहीतलं त्यांचं नाव मी खोडत नाही.

ही वही माझी. शाळेची सवय: तारीख, कॉल साइन, आवाज कसा आला, शेरा. इथले लोक हवामान सांगितल्याशिवाय बोलतच नाहीत, म्हणून तेही शेऱ्यात उतरलं. यंदाच्या वसंतात रिपीटर बहिरा व्हायला लागला. लांबचे लोक मधूनच गायब. जाणकारांनी नळकांडी तपासली, रिसीव्हर बदलला, उंदरांवर आळ घेतला (लेंड्या होत्या, हे खरं). मी एका रात्री वही उलटी चाळली. पाऊस पडला की लांबचे चौघे गायब, दोन-तीन कोरडे दिवस गेले की परत. पुन्हा पाऊस, पुन्हा तेच. आजोबांना वही दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "केबलमध्ये पाणी."

मनोऱ्यावर चढायला विमा असलेला माणूस बोलवावा लागतो. त्याचे पैसे जमवण्यात मे गेला. वर एका पट्टीखाली केबलचं आवरण चिरलेलं होतं. खाली आणून कापली तर आतली तांब्याची जाळी कल्हई उडालेल्या भांड्यासारखी हिरवी, आणि अक्षरशः चमचाभर पाणी निघालं. नवी केबल घातली. त्या बुधवारी सगळे सोळा स्पष्ट आले, आणि रिपीटरबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. गुडघे, नातवंडं, टोमॅटो, एवढंच. आमटी बरी झाली की घरातही असंच असतं.

ऑगस्टमध्ये आजोबांनी किल्ली दिली. ते ७९ वर्षांचे, गुडघा बदललेला, हिवाळ्यात बर्फावरून वर जाणं आता त्यांच्याने होत नाही. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की नवऱ्याचा व्हिसा वाढतो की नाही ते मार्चमध्ये कळेल. कदाचित आम्ही पुण्यात असू. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मार्चपर्यंत बर्फ असतो." आणि कुलूप कसं आधी वर उचलून मग फिरवायचं ते दाखवायला लागले.

तर किल्ली सध्या आमच्या मिसळणाच्या डब्यावरच्या खिळ्याला आहे. मुलाने यंदाच्या मातीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी झाडूच्या काडीचा मनोरा उभा केलाय. आणि तुमच्याकडे दोन कामं आहेत. लाइट गेल्यावर रिपीटर ज्या बॅटऱ्यांवर चालतो त्या बर्फ पडायच्या आत बदलायच्या आहेत. एकेक साठ पौंडांची आहे, नवऱ्याची पाठ मागच्याच महिन्यात धरली. धडधाकट पाठीची दोन माणसं हवीत. दुसरं, परीक्षा द्यायची कोणाची तयारी असेल तर अभ्यास मी करून घेईन, आमच्याच स्वयंपाकघरात, मराठीतून. मार्चच्या आधी या किल्लीला दुसरा हात मिळायला हवा. चकल्या मी आणीन. मंडळाच्या कार्यालयात नाव देऊन ठेवा.