तळपाय कोण बघतं?

तळहातावरचा तीळ मुठीत मावला तर पैसा, तळपायावर असला तर प्रवासयोग, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जन्मापासूनच्या तिळाबद्दल कुणी काहीही मानावं. पण चाळिशी-पन्नाशीनंतर त्याच जागी नवा काळा डाग उठला, तरी घरात त्याच कौतुकानं त्याच्याकडे बघतात, याची मला काळजी वाटते. कारण सावळ्या कातडीच्या आपल्यासारख्या माणसांत त्वचेच्या कर्करोगासाठी डॉक्टर ज्या जागा आधी बघतात, त्या नेमक्या याच: तळपाय, तळहात आणि नखाखालची त्वचा.

या डागातून होणाऱ्या कर्करोगाला मेलॅनोमा म्हणतात. आपल्याकडे तो दुर्मीळ आहे, वर्षाला लाखात एकालाही होत नाही. कातडीतला रंग उन्हापासून आपली राखण करतो, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या लोकांत तो भरपूर आणि आपल्यात कमी. पण तळव्यावर किंवा नखाखाली होणाऱ्या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंधच नाही, त्यामुळे सावळेपणा तिथं कामी येत नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच आजार निघाला. फुटबॉल खेळताना लागलेला मार असावा, असं आधी वाटलं होतं. निदान 1977 साली झालं आणि 1981 साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला.

आपल्याकडे फुटबॉलच्या जागी काटा असतो, दगड असतो, किंवा ‘कुरूप’ असतं. टाचेला काळं, टणक काही दिसलं की कुरूप म्हणून ब्लेडनं तासायचं, मेडिकलमधून पट्टी आणून चिकटवायची, नाही तर चुना आणि सोडा लावून जाळायचं. चामखीळ समजून घोड्याच्या शेपटीचा केस बांधणारेही आहेत. बहुतेक वेळा ते खरोखरच कुरूप असतं, म्हणून काही बिघडत नाही. ज्या एखाद्याच्या बाबतीत ते नसतं, त्याचं मात्र वर्ष-दीड वर्ष त्यात जातं. हा आजार कातडीत किती खोल उतरला, यावर सगळं ठरतं. एक मिलिमीटरच्या आत असताना कापून काढला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. जांघेत गाठ आल्यावर कुणी दाखवायला आलं, तर तेच काम फार अवघड होऊन बसतं.

देऊळगाव राजाच्या आसपास शेडनेटमध्ये बियाण्याचे प्लॉट आहेत. तिथं क्रॉसिंगला, म्हणजे फुलांचा हातानं संकर करायला जाणाऱ्या बाया मी बघते. मिरचीची, टोमॅटोची कोणती कळी उद्या उमलणार, हे त्या नजरेनं ओळखतात. चिमट्यानं तिच्यातले पुंकेसर काढून घेतात, एकही राहू देत नाहीत, नाही तर बी बिघडतं. इतकी बारीक नजर असलेल्या बाईला तीळ कसा बघायचा हे शिकवायला किती वेळ लागेल? न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 1985 सालापासून जे नियम मांडले, ते तिच्या कामाच्याच भाषेत सांगता येतात. डागाचे दोन अर्धे सारखे आहेत का? कडा गोल, साफ आहे की फाटल्यासारखी? रंग एकच आहे की कुठं काळा, कुठं तपकिरी, कुठं निळसर? तुरीच्या दाण्यापेक्षा मोठा झालाय का? आणि सर्वांत महत्त्वाचं, तो बदलतोय का? अंगावरच्या बाकीच्या तिळांत एकच वेगळा दिसत असेल, खाजत असेल, मार न लागता त्यातून रक्त येत असेल, तर मोजमाप करत बसायचंच नाही, दाखवायचं.

नखाचं जरा वेगळं आहे. आमच्या शेजारच्या काकूंचं अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. “दार लागलंय गं, जाईल,” म्हणाल्या. त्यांचं खरंच दार लागलं होतं. साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढं सरकलं आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागलं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्यानं. डाग पुढं सरकतच नसेल, एकाच नखावर नवी काळी रेघ उठून रुंद होत असेल, किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला असेल, तर ते माराचं नाही असं धरून चालावं. सावळ्या लोकांच्या बऱ्याच नखांवर फिकट रेघा असतात, त्यांना घाबरू नये.

तिळाच्या जोडीला कमरही बघायला हवी. टाटा हॉस्पिटलच्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी 1945 सालीच धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. 2024 साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी कमरेला असाच कर्करोग झालेल्या दोन वयस्क स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या सत्तर वर्षांच्या बाईच्या कमरेला परकराच्या नाडीजवळ अठरा महिने जखम होती. अठरा महिने! आपल्या आयाबहिणींच्या कमरेवरचा तो काळा पट्टा आपल्याला इतका ओळखीचा आहे, की त्यात चिघळलेली जागा कुणी बघत नाही. नाडी सैल बांधा, आणि महिनाभरात न भरलेली कुठलीही जखम दाखवा.

जानेवारी 2025 मध्ये आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस गळू लागले, तेव्हा दिल्लीपर्यंत धावपळ झाली, तपासणीसाठी पथकं आली. टक्कल चारचौघांना दिसतं. टाच, नख, कमर कुणाला दिसत नाही, म्हणून तिथं घरच्यांनीच डोळा ठेवायचा. नवरात्रात अनवाणी राहून देऊळगाव राजाच्या बालाजीच्या दर्शनाला जाणाऱ्या कितीतरी जणी आपल्याकडे आहेत. घरी आल्यावर पाय धुतले की लेकीला, सुनेला तळवा दाखवा, बोटांच्या बेचक्याही. शंका आली तर शेजारी रुपया ठेवून मोबाईलवर फोटो काढा, म्हणजे पुढं तुलना करता येते. पण डाग वाढतोय हे कळलं असेल, तर पुढच्या महिन्याच्या फोटोची वाट बघू नका.

आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवा, तिथून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. “पायाला कुरूप झालंय” असं सांगू नका, “हा डाग नवा आहे आणि वाढलाय” असं सांगा. सुई लागली की कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. तुकडा काढून तपासल्यानं आजार पसरत नाही, आणि त्याशिवाय निदानही होत नाही. गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरचे उपचार आहेत. पार्लरमध्ये किंवा कुठंही तीळ नुसता जाळून घेऊ नका, जळालेल्या तिळाची तपासणी होत नाही. डॉक्टरांनी कापून काढला तर तो तुकडा प्रयोगशाळेत पाठवला का, हे त्याच वेळी विचारा, आणि टाके काढायला जाल तेव्हा रिपोर्ट मागून घ्या.