आधी पाणी

स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे. सन २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकमध्ये प्रथम आलेल्या स्पर्धेचे बरोबर निम्मे अंतर. नोकरी सांभाळून उतरणारा हौशी स्पर्धक बहुधा महागडी सायकल घेतो, पोहण्याचा सराव मात्र तरणतलावापुरताच ठेवतो. हा हिशेब चुकीचा आहे. उघड्या पाण्यात तळ दिसत नाही, धरायला कठडा नसतो, शेजाऱ्याचे हातपाय लागतात. श्वास बिघडतो तो तेथेच. सायकलवरून उतरल्यावर पाय जड होतात खरे, पण तेव्हा निदान चालता येते. पाण्यात ती सोय नाही. जाणत्याच्या सोबतीने, परवानगी असलेल्या जलाशयात काही दिवस पोहून पाहिल्याखेरीज त्याने नाव नोंदवू नये. सायकल जुनी चालेल.